सवय कुणी लावली?



इंग्रजीत एक क्रियापद आहे, ‘इन्युअर’. अर्थ काय, तर हाल अंगवळणी पडणे. कोरडवाहू शेतकऱ्याचा विषय निघाला की शिकलेल्या मंडळींना हा शब्द फार आवडतो. कापूस-ज्वारीवाला म्हणे दुष्काळाला ‘इन्युअर्ड’ आहे. ऐकायला कौतुकच वाटतं, चिवट आहे गडी! पण हाल कुणी केले, सवय कुणी लावली, ते त्या वाक्यात कुठंच येत नाही.

शब्दाचं मूळ पाहा. ‘इन युअर’ म्हणजे वापरात, चालीत. त्यातला ‘युअर’ जुन्या फ्रेंचमधून आलेला, त्याच्याही मुळाशी ‘काम’ या अर्थाचा लॅटिन शब्द. म्हणजे राबवून राबवून लावलेली सवय. बैलाच्या खांद्याला आवाळू आलं म्हणून जू हलकं झालं, असं आपल्यातलं कुणी म्हणेल का?

१८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल साहेबानं हाच हिशेब केला. सरकारी दुष्काळी कामावर दगड फोडणाऱ्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे जेमतेम अर्धा शेर, आणि वर किरकोळ पैसा. भागेल एवढ्यात! मुंबई इलाख्यातले हजारो मजूर कामं टाकून चालते झाले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू सरकारकडे मांडली. उपाशी माणसं होती ती, तरी त्यांना सवय झाली नव्हती.

आता गंमत ऐका (गंमत कसली म्हणा!). कायद्याच्या इंग्रजीत याच क्रियापदाचा दुसरा अर्थ आहे, एखाद्याच्या लाभात पडणे. करारनाम्यात लिहितात, हा करार अमक्याच्या वारसांच्या लाभात ‘इन्युअर’ होईल. शब्द एकच. करारवाल्याला त्यातून लाभ, आपल्याला हाल.

आणि ही नुसती शब्दांची कुस्ती नाही. ज्याला सोसायची सवय आहे, त्याच्या सोसण्याचे पैसे कोण मोजणार? २०१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात खर्चाच्या दीडपट हमीभाव जाहीर झाला. त्या खर्चात घरच्यांची मजुरी धरली, पण स्वतःच्या जमिनीचा खंड आणि घातलेल्या भांडवलाचं व्याज बाहेरच ठेवलं. जमीन फुकट, पैसा फुकट. सवय आहे ना!

मराठीत ‘सरावणे’ वेगळं आणि ‘सोसणे’ वेगळं. आपण सोसतो. सभेत कुणी पाहुणा ‘शेतकरी सरावलाय’ म्हणाला, तर त्याला तिथंच थांबवा आणि विचारा, साहेब, सरावला की सरावायला लावला? कुणी लावला? नाव सांगा.