टेप नवा, गाडी जुनी : मजुरीत काटछाट नको

आमच्या मालवण-कुडाळ पट्ट्यात व्यापाऱ्याची गाडी लवकर म्हातारी होत नाही. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली बंद झाले, ओम्नीचे २०१९ साली. पण आठवडा बाजाराच्या दिवशी एम.एच. ०७ च्या या गाड्या कापडाच्या गाठी, भांडी, बांगड्या घेऊन आजही उभ्या दिसतात. पंधरा वर्षे झाली की ओरोसला जाऊन पुन्हा पासिंग करायचे, पर्यावरण कर भरायचा आणि पुढची पाच वर्षे गाडी वापरायची. यात कमीपणा काहीच नाही. कर्ज काढून नवी गाडी दारात उभी करण्यापेक्षा जुनी नीट राखणे हीच खरी तिजारत, असे आमचे मत आहे.

अशा गाडीत नवा टेप बसवावा, असे बहुतेकांना कधीतरी वाटते. यूएसबी-ब्लूटूथच्या सेटलाही आपल्याकडे अजून टेपच म्हणतात. इचलकरंजीहून माल घेऊन फोंडा घाट उतरताना सोबत होते, आणि गिऱ्हाइकाचा फोन आला तर मोबाईल हातात धरावा लागत नाही. हातात मोबाईल धरून गाडी चालवणे हा कायद्याने गुन्हा आहे, हे सर्वांना ठाऊक आहेच. तेव्हा हौस म्हणून असो वा गरज म्हणून, टेप बसवण्यास आमचा विरोध नाही. आमची तक्रार तो बसवण्याच्या पद्धतीबद्दल आहे, आणि त्या तक्रारीत आम्ही स्वतःही गुन्हेगार आहोत.

झाले असे. आम्ही आमच्या ओम्नीसाठी चांगला सेट घेतला. दुकानदाराशी घासाघीस केली नाही, कारण खोक्यावर कंपनीचे नाव होते. बसवणाऱ्याच्या मजुरीवर मात्र अर्धा तास वाद घातला. दहा मिनिटांच्या कामाला एवढे पैसे कशाला, असेही बोललो. त्याने मजुरी कमी केली आणि कामही तेवढेच केले. वायरी दाताने सोलल्या, पिळून जोडल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली. तिसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी उतरलेली. ती चार्ज करून गाडी चालू केली, आणि पुढच्याच आठवड्यात बाजाराच्या वाटेवर डॅशबोर्डातून जळका वास आला. मागे छतापर्यंत कापड भरलेले! गाडी थांबवून बॅटरीची वायर काढली म्हणून माल वाचला.

मग एका जुन्या उस्तादाकडे गेलो. त्याने डॅशबोर्ड उघडला, आत पाहिले आणि एवढेच म्हणाला, “शेट, सेट बरो आसा, बसवणारो वायट.” तो वायट कोणी केला, हे आम्हाला कळले होते.

उस्तादाने जे समजावले ते कारागिरांना माहीत असेल, पण गिऱ्हाइकांनीही समजून घ्यावे. सेटमागे एक पिवळी वायर असते. तिला बॅटरीची वीज सतत लागते, म्हणजे घड्याळ आणि लावलेली स्टेशने लक्षात राहतात. लाल वायर चावीवर चालली पाहिजे. आमच्या गाडीत दोन्ही एकत्र बांधल्या होत्या, म्हणजे चावी काढली तरी सेट जागाच. ओम्नीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. सेटने अर्धा अँपिअर जरी खाल्ला तरी दिवसाला १२ जातात, आणि तीन दिवसांत बॅटरी रिकामी. हिशोब सरळ आहे.

काळी वायर अर्थिंगची. ती रंग खरवडून स्वच्छ केलेल्या पत्र्याला बोल्टने घट्ट बसवावी लागते. आपल्या किनाऱ्यावर खारा वारा आहे, पावसाळ्यात दमट हवा आहे. गंजलेल्या पत्र्याला अर्थिंग दिले की इंजिनाबरोबर स्पीकरमधून शिट्टी वाजू लागते आणि लोक सेटला दोष देतात. स्पीकरच्या वायरी जोडीने येतात : पांढरी, करडी, हिरवी, जांभळी, आणि प्रत्येकीची जोडीदारीण काळ्या रेघेची. जुन्या कॅसेटच्या काळात बऱ्याच गाड्यांत स्पीकरचे एक टोक पत्र्याला जोडलेले चालत असे. आजच्या सेटला ते चालत नाही. ते टोक पत्र्याला लागले तर आतला अँप्लिफायर जाऊ शकतो.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, सेटवरचा नकाशा इंग्रजीत. पण कापडवाल्याला रंग कळतात, तेवढे पुरते. तरीही स्वस्त मालाच्या रंगांवर विसंबू नये. टेस्ट लॅम्प किंवा मीटर लावून प्रत्येक वायर तपासावी, असे उस्तादाचे म्हणणे.

खोक्यावरच्या आकड्यांचेही तसेच. चार स्पीकर, प्रत्येकी ५० वॉट, असे छापलेले असते. आता सेटमागचा फ्यूज पाहा. तो १० अँपिअरचा असेल तर १४ व्होल्टने आत १४० वॉट येतात. १४० मधून २०० बाहेर कसे निघतील? सतत मिळणारी ताकद साधारण २० वॉटच्या आसपास असते. थान ताणून मोजावे आणि गिऱ्हाइकाला जास्त मीटर सांगावे, तसा हा प्रकार. आम्ही कापडात असे केले तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा दुकानाची पायरी चढणार नाही.

आणखी एक गोष्ट. कारखान्यातून न आलेला सेट गाडीच्या विम्यात आपोआप येत नाही. तो पॉलिसीत वेगळा नोंदवून घ्यावा लागतो. त्यासाठी बिल लागते, आणि बिल तर आपण मागतच नाही.

यावर कारागीर म्हणतील, गिऱ्हाईक मजुरी देत नाही तर आम्ही किती वेळ घालवावा? बोलणे खरे आहे. पण कमी पैशांत काम पत्करले की नंतर ते निम्मे करून देणे हा इलाज नव्हे. पुरेशी मजुरी सांगावी, पटली नाही तर काम सोडावे. जे केले ते बिलावर लिहावे : गाडीची मूळ वायर न कापता जोडणीचा कपलर वापरला, फ्यूज अमुक अँपिअरचा टाकला, जोडावर डाग दिला, इतक्या महिन्यांची हमी. नव्या गाड्या कारखान्यातूनच पडदा लावून येतात, तिथे या कारागिराला फारसे काम उरत नाही. त्याची रोजी जुन्या गाड्यांवर आहे. ती टिकायची तर नाव टिकले पाहिजे, आणि हाताखालच्या शागिर्दाला डाग देण्याचे काम नीट शिकवले पाहिजे.

आणि व्यापारी बंधूंनो, आपल्यालाही सांगणे आहे. शिंप्याने शिलाई कच्ची केली तर उत्तम कापड वाया जाते, हे आपण रोज गिऱ्हाइकाला सांगतो. मग स्वतःच्या गाडीच्या वेळी ते का विसरतो? सेट हवा तर एक पायरी खालचा घ्या, पण बसवणाऱ्या हाताचा मेहनताना कापू नका. त्या हातावर मागे भरलेला सगळा माल अवलंबून आहे, आणि पुढे बसलेला आपला जीवही.