देवाचे भय आणि रमाबाईंचे निर्भयपण

१/ पंडिता रमाबाईंविषयी महाराष्ट्रात दोन कथा सांगितल्या जातात. पहिली : त्या थोर समाजसुधारक होत्या, धर्मांतर हा त्या चरित्रातील एक दुर्दैवी फाटा. दुसरी : धर्मांतर हाच त्यांचा खरा हेतू, सुधारणा हे केवळ निमित्त. हे दोन पक्ष एकमेकांचे कट्टर वैरी. तरी रमाबाईंची ईश्वरनिष्ठा हे त्यांच्या धैर्याचे खरे कारण असू शकते, हे नाकारण्यात दोघांचे एकमत आहे. हा थ्रेड त्या एकमताविरुद्ध आहे.

२/ आरंभ कारंजा लाडपासून करावा. नृसिंह सरस्वतींचे हे जन्मस्थान. त्यांनी बालवयात घर सोडून काशीची वाट धरली, असे परंपरा सांगते. त्या गृहत्यागाचे कारण दत्तभक्ती वगळून सांगण्याचा प्रयत्न आजवर कोणी केलेला नाही. केला असता, तर गुरुमंदिराच्या पायरीवर बसलेल्या साध्या भाविकानेही त्याला हसून परत पाठवले असते.

३/ त्याच गावातील दुसरे उदाहरण जैन भांडारांचे. डॉ. हिरालाल जैन यांनी १९३०च्या दशकात ज्या अपभ्रंश ग्रंथांचे संपादन केले, त्यांतील काहींच्या पोथ्या कारंज्याच्या मंदिरांनी शतकानुशतके जपल्या होत्या. त्या कोणा इतिहासप्रेमी संस्थेने राखल्या नव्हत्या. शास्त्र हे पूज्य आहे, त्याचा नाश हे पाप आहे, या भावनेने त्या राखल्या गेल्या. श्रद्धा ही इतिहासात कार्यकारी शक्ती असते, याचा पुरावा वऱ्हाडातल्या तरुण अभ्यासकाच्या घराशेजारीच आहे.

४/ मग हाच न्याय रमाबाईंना का नाही? नृसिंह सरस्वतींची श्रद्धा हे कारण आणि रमाबाईंची श्रद्धा हा अपघात, असे दोन काटे एकाच तराजूला कसे चालतात? देव ओळखीचा असला तर श्रद्धा, अनोळखी असला तर आमिष, हा निकष इतिहासाचा नव्हे, तो पंगतीचा आहे.

५/ आता काही तपशील. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले. पुराणे सांगत हे कुटुंब देशभर हिंडले. १८७०च्या दशकातील उपासमारीच्या वर्षांत आई, वडील आणि थोरली बहीण गेली. १८७८ मध्ये रमाबाई भावासह कलकत्त्यास पोचल्या आणि तेथे त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. पुढे भाऊ वारला. त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी जातिबंधन झुगारून विवाह केला. १८८२ मध्ये त्या विधवा झाल्या, तेव्हा पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी होती.

६/ येथे विरोधकांचा सर्वांत बळकट आक्षेप उभा राहतो : हे सारे धैर्य तर बाप्तिस्म्याआधीचे! मग त्याचे श्रेय ख्रिस्ताला कसे? आक्षेप रास्त आहे. धैर्य शून्यातून निर्माण झाले नाही. त्याचे पहिले बीज अनंतशास्त्रींच्या घरात, म्हणजे हिंदू धर्मनिष्ठेच्याच अंगणात पडले. परंतु सर्वस्व गमावलेल्या माणसाचे धाडस वेगळे आणि गमावण्याजोगे पुष्कळ हाती आल्यावरही टिकणारे धैर्य वेगळे. दुसऱ्या प्रकाराची कसोटी १८८३ नंतर लागली.

७/ २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. परदेश, आश्रय धर्मभगिनींचा, शिक्षणाची सोय त्यांच्याच हाती. आमिषाचा सिद्धांत खरा मानला, तर येथून पुढे आज्ञाधारक शिष्येचे चित्र दिसायला हवे. घडले नेमके उलट. त्रैक्याच्या सिद्धांतापासून चर्चच्या अधिकारापर्यंत प्रत्येक गोष्टीवर त्यांनी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून वाद घातला. एका पुरोहितवर्गाचे जू उतरवले ते दुसऱ्याचे चढवण्यासाठी नव्हे, असे त्यांनी स्वच्छ कळवले.

८/ गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, हाही त्यांचा प्रश्न होता. शाकाहार त्यांनी सोडला नाही. चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे अशी कल्पना पुढे आली, तेव्हा भारतातील इंग्रज बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी ती हरकत निमूट गिळली नाही. साम्राज्याच्या राजधानीजवळ राहणारी, परावलंबी, विधवा, पंचविशीची ब्राह्मण स्त्री बिशपांशी वाद घालते. हे बळ कोठून आले?

९/ उत्तर ‘परमेश्वराचे भय’ या जुन्या बायबली शब्दप्रयोगात आहे. हे भय सावकाराच्या धाकासारखे नाही. अंतिम हिशेब एकालाच द्यायचा आहे, ही त्यामागची जाणीव. ती पक्की झाली की उरलेले सारे हिशेबनीस दुय्यम ठरतात : शास्त्री, बिशप, देणगीदार, गव्हर्नर. देवापुढे वाकलेली मान माणसापुढे ताठ राहते, ती याच हिशेबाने. वारकऱ्यांना हे नव्याने सांगावे लागत नाही. ख्रिस्ती परंपरेतही ते तितकेच जुने आहे.

१०/ पुण्यात रमाबाईंच्या धर्मांतराने गहजब झाला, तेव्हा जोतीराव फुले यांनी १८८५च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. फुले ख्रिस्ती नव्हते, होणारही नव्हते. तरीही एका स्त्रीने विचारपूर्वक केलेला निर्णय त्यांनी निर्णय म्हणूनच वाचला. आजच्या कित्येक पुरोगामी लेखांत तेवढेही औदार्य सापडत नाही.

११/ ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पैसा अमेरिकेतून आला होता, धोरण धर्मतटस्थतेचे होते. पुढे संस्था पुण्यास गेली आणि १८९३ मध्ये वादळ उठले. मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव टाकला जातो, असा ‘केसरी’चा आरोप होता. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

१२/ येथे प्रामाणिकपणा आवश्यक आहे. रानडे आणि भांडारकर हे सनातनी नव्हते. तटस्थतेचे वचन आणि संचालिकेची उघडी प्रार्थना यांत ताण होता, आणि त्यांची हरकत केवळ द्वेषातून आलेली नव्हती. रमाबाईंचे म्हणणे असे : कोणावर सक्ती नाही, पण आपल्या खोलीत प्रार्थना करताना दार लावून घेणार नाही. शारदासदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या आणि हिंदूच राहिल्या, ही नोंद दोन्ही बाजूंनी वाचावी.

१३/ पण मुद्दा धैर्याचा आहे. दार लावणे सोपे होते. तेवढ्याने प्रतिष्ठित पाठिंबा टिकला असता, विद्यार्थिनी राहिल्या असत्या. व्यवहारचतुर सुधारकाने ते केलेच असते. दार उघडे राहिले, कारण ते लावणे रमाबाईंच्या लेखी देवाला लपवणे होते. ही चूक म्हणा, हट्ट म्हणा. लाभासाठी केलेली कृती मात्र म्हणता येणार नाही, कारण लाभ सारा दुसऱ्या बाजूला होता.

१४/ १८९६-९७चा दुष्काळ. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-स्त्रियांना घेऊन परतल्या. स्वतः उपाशी हिंडलेल्या बाईला त्या चेहऱ्यांत स्वतःचे बालपण दिसले असणार. त्यातून केडगावचे ‘मुक्तिसदन’ उभे राहिले. १९००च्या दुष्काळानंतर तेथील संख्या सुमारे २,०००वर गेली. इतक्या तोंडांना रोज अन्न देण्याचे ओझे केवळ कीर्तीच्या हौसेने उचलता येत नाही.

१५/ त्याच १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. छावण्या आणि रुग्णालयांत स्त्रियांची दैना होत आहे, असे रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती वृत्तपत्रात जाहीरपणे लिहिले. सरकारने आरोप फेटाळले. गंमत पाहावी : प्लेगच्या बंदोबस्तावर ‘केसरी’ही तुटून पडत होता. जिला इंग्रजांचे बाहुले म्हटले गेले, ती इंग्रज सरकारलाच धारेवर धरत होती.

१६/ वऱ्हाडाशीही हा धागा जुळतो. कारंज्यापासून जवळच्या अकोल्यात काम केलेल्या जेनी फुलर यांच्या भारतीय स्त्रियांच्या दैन्यावरील पुस्तकाला १९०० मध्ये रमाबाईंनी प्रस्तावना लिहिली. त्या काळच्या मिशनरी लेखनात, आणि रमाबाईंच्याही उत्तरकालीन लेखनात, हिंदू धर्मावर सरसकट कठोर निवाडे आहेत. ते आज खटकतात आणि खटकायलाच हवेत. श्रद्धा धैर्य देते, म्हणजे अचूकता देतेच असे नाही.

१७/ आमिषाच्या सिद्धांताला दुसरा अडथळा नारायण वामन टिळकांचा. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा संसार मोडला. पत्नी लक्ष्मीबाई प्रथम कडव्या विरोधात होत्या. त्या ख्रिस्ती झाल्या १९०० मध्ये, स्वतःच्या मनाचा झगडा पुरा करून. आणि १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरीच सोडली व संन्यस्त वृत्तीने जगू लागले. पगारासाठी धर्म बदलणारा माणूस देवासाठी पगार सोडत नाही.

१८/ कोणी म्हणेल, इतिहासकाराने देवाला कारण मानले तर इतिहास संपला, कीर्तन सुरू झाले. हा गोंधळ टाळावा. देव आहे की नाही, याचा निकाल इतिहास देत नाही. एखादी व्यक्ती देव आहे असे मानून वागली, त्यासाठी आश्रय, पैसा, मित्र पणास लावले, हे मात्र पत्रांत, नोंदींत, तारखांत सापडते. ते वगळणे हा निःपक्षपातीपणा नव्हे. ते साधन दडपणे आहे.

१९/ अखेरची वर्षे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबल आणण्यात घालवली. संस्कृतप्रचुर भाषा टाळली, कारण वाचणारी बाई खेड्यातली होती. १९२१ मध्ये मनोरमा गेली. उत्तराधिकारी, एकुलती एक मुलगी, सहकारी, सारे एकदम हरपले. काम थांबले नाही. अनुवाद पुरा झाला आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला.

२०/ तेव्हा पाठ्यपुस्तकातील ‘स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या’ हे दोन शब्द खोटे नाहीत, अपुरे आहेत. रमाबाईंचा देव कोणाला आपला वाटो वा परका, त्यांच्या धैर्याचा हिशेब त्याच्या नावाशिवाय जुळत नाही. कारंज्याच्या गुरुमंदिरात आणि जैन भांडारात जो न्याय सहज लावला जातो, तोच केडगावात लावावा. तो लावण्यासाठी ख्रिस्ती होण्याची गरज नाही. इतिहासाचा विद्यार्थी असणे पुरे आहे.

(समाप्त)