खेळणं फुटलं पाहिजे

आमच्या दादाच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी काचेचं कपाट आहे आणि त्या कपाटात एक लाकडी वांगं आहे. शेजारी मिरची, टोमॅटो, केळ्यांची फणी आणि लालभडक कलिंगडाची फोड. सगळं सावंतवाडीचं, सगळं मीच आणलेलं. भाचीच्या तिसऱ्या वाढदिवसाला पुण्यातल्या एका हस्तकला प्रदर्शनातून घेतलेला संच, वेताच्या टोपलीत मांडलेला. वहिनीने टोपली उघडली, "किती गोड!" म्हणाली, फोटो काढला, मला टॅग केलं आणि भाचीचा हात वांग्यापर्यंत पोचायच्या आत सगळं उचलून कपाटात ठेवलं. "आत्याने इतकं महागाचं आणलंय, खराब होईल."

भाचीने भोकाड पसरलं. मग दादाने फोन काढला आणि दहा-पंधरा मिनिटांत दारात प्लॅस्टिकच्या भाज्या आल्या. मधोमध वेल्क्रो लावलेल्या, प्लॅस्टिकच्या सुरीने कापल्या की 'चर्र' आवाज करणाऱ्या. त्यातलं गाजर पुढे महिनाभर आंघोळीलाही तिच्याबरोबर असायचं. टोमॅटोचा अर्धा भाग सोफ्याखाली गेला, अर्धा शेजारच्यांच्या कुत्र्याने पळवला. सुरी मोडली. सहा महिन्यांत तो सेट संपला, आणि दादाने दुसरा मागवला.

याला चार वर्षं झाली. सावंतवाडीचं वांगं अजून नवंकोरं आहे. माझी तक्रार ही आहे.

तक्रार वहिनीबद्दल नाही. वहिनी त्या वांग्याशी तशीच वागली, जसं ते तिला दिलं गेलं होतं. मी ते खेळणं म्हणून घेतलंच नव्हतं. मी घेतलं होतं एक चांगली व्यक्ती असल्याचं प्रमाणपत्र. आणि हे लिहिताना मी एकटी या पिंजऱ्यात उभी नाही, तुम्हीही आहात. कार्टमध्ये फोनचं कव्हर, चार्जर, डिटर्जंट, आणि मग वर्षातून एकदा अपराधी वाटून घेतलेली एक 'हॅंडमेड' वस्तू. ती वस्तू आपण वापरत नाही. तिचं रील करतो.

दिवाळी जवळ आली की एक मेसेज फिरतो, तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आला असेल. रस्त्याच्या कडेला बसलेल्या आजीकडून पणत्या घ्या, भाव करू नका, मॉलमध्ये करता का? वाचून डोळे पाणावतात, हात जोडलेले इमोजी पडतात. मला हा मेसेज अपमानकारक वाटतो, आणि अपमान त्या आजीचा आहे. ती पणत्या विकायला बसली आहे. तिने डझनाचा भाव सांगितला आहे, तो दहा रुपयांनी कमी करायचा की नाही हे तिला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. तिच्याशी भाव करणं म्हणजे तिला दुकानदार समजणं. डोळे मिटून पैसे पुढे करणं म्हणजे काय समजणं, ते तुम्हीच ठरवा. (हो, दोन रुपयांसाठी अर्धा तास तिला पिळणारी माणसंही मी पाहिली आहेत. त्यांच्याबद्दल बोलायला हा लेख खर्ची घालायचा नाही.)

दयेने घेतलेल्या वस्तूचं काय होतं? ती एकदाच घेतली जाते. घर एक, कपाट एक, त्यात वांगं एक. पुण्य एकदा पदरात पडलं की पुन्हा कशाला? याउलट आपल्या आसपास असे कितीतरी कारागीर आहेत, ज्यांना कोणी वाचवायला जात नाही आणि तरी त्यांचा माल दरवर्षी खपतो. दिवाळीच्या आधी पुण्यात रस्तोरस्ती किल्ल्यावरची चित्रं येतात. महाराज, मावळे, तोफा, वाघ, पाण्याचा हंडा डोक्यावर घेतलेली बाई. ती पोरं स्वतः निवडतात. महाराज मोठे हवेत, मावळ्याच्या हातात भालाच हवा, पैसे संपतात म्हणून आईकडे भुणभुण. किल्ला होतो, अळीव उगवतात, पाऊस आला तर बुरूज ढासळतो, मावळ्याची मान मोडते. पुढच्या वर्षी नवा मावळा. कोल्हापूर-सांगलीकडे बेंदराला कुंभाराकडून मातीचे बैल येतात, त्यांचंही असंच: पूजा झाली की पोरांच्या तावडीत, आणि शिंगं शाबूत राहिलेला बैल मी तरी पाहिलेला नाही.

भोवऱ्याचं तर विचारूच नका. तो खेळच मुळी दुसऱ्याचा भोवरा फोडण्याचा. रिंगणात पडलेल्या भोवऱ्यावर आपल्या भोवऱ्याची आर अशी हाणायची की त्याचा टवका उडाला पाहिजे. आमच्या गल्लीत ज्याचा भोवरा दुभंगायचा तो रडत घरी जायचा आणि संध्याकाळी नवा घेऊन यायचा. कातारी जगत होता तो या रडण्यावर.

आता कोणी म्हणेल, केरसुणीही दरवर्षी लक्ष्मीपूजनाला घरोघर घेतली जाते, मग ती वळणारी बाई सुखात आहे का? नाही. हा आक्षेप बरोबर आहे आणि तो मला टाळता येत नाही. केरसुण्या वळण्याचं काम परंपरेने मातंग समाजाकडे, सुपं-टोपल्या बुरुडांकडे. या वस्तूंना आपण कधी 'कला' म्हटलं नाही, त्यांचं दालन प्रदर्शनात लागलं नाही, त्या वळणाऱ्यांना 'कलाकार' म्हणून शाल मिळाली नाही. वर्षातून एक दिवस केरसुणीची पूजा, उरलेले दिवस ती दाराआड. वस्तू खपते म्हणून कारागिराला दाम मिळतोच असं नाही, त्यासाठी वेगळी लढाई लागते. पण खपच नसेल तर ती लढाई कशावर लढणार?

कपाटातल्या वांग्याइतकाच माझा दुसरा गुन्हा गंजिफाचा.

सावंतवाडीला मोती तलावाच्या काठी राजवाडा आहे. तिथे गंजिफा रंगवल्या जातात: हातावर मावतील अशी गोल पानं, प्रत्येक पान हाताने रंगवलेलं. विसाव्या शतकात ही कला पार मोडत आली होती. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती पुन्हा उभी केली, सत्त्वशीलादेवी स्वतः ती शिकल्या. त्याबद्दल त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. मी तिथून दशावतारी गंजिफांचा संच घेतला, काही हजार रुपये मोजून, आणि मग चितारआळीत सहज फिरत होते. एका दुकानात लाकडी आंबे बघत असताना काउंटरवरच्या काकांनी माझ्या हातातला डबा पाहिला आणि विचारलं, "बाय, खेळूक होयां काय मांडून ठेवूक?"

मी म्हटलं, फ्रेम करणार आहे.

ते काही बोलले नाहीत. आंब्यांवरची धूळ पुसायला लागले.

तो प्रश्न डोक्यात राहिला म्हणून घरी येऊन मी गंजिफा कशा खेळतात ते शोधलं. थक्क व्हायला होतं. १२० पानं. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पानं: राजा, प्रधान आणि एक ते दहा. तीन खेळाडू, प्रत्येकी चाळीस पानं. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन या पाच रंगांत राजा-प्रधानानंतर एक्का सगळ्यांत मोठा आणि दहा सगळ्यांत लहान. पुढच्या पाच अवतारांत बरोबर उलटं. हुकूम नाही. उतारी कोणाची? डाव दिवसा असेल तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची, रात्री असेल तर ज्याच्याकडे कृष्णाचा राजा त्याची. पत्त्यांच्या डावाला सूर्य विचारावा लागतो, असा खेळ आपल्याकडे होता. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद आहे. पुढे त्या मुघली गंजिफाच्या आठ रंगांचे इथे दहा अवतार झाले. आणि मी तो फ्रेम करणार होते!

यात एक गोष्ट अशी सापडली की तिने माझी झोप उडवली. गंजिफा दोन प्रकारच्या असत: दरबारी कलम आणि बाजार कलम. दरबारी म्हणजे नक्षीदार, श्रीमंत, राजेरजवाड्यांच्या. बाजार कलम म्हणजे साध्या, चार रेघांत अवतार उरकलेल्या, स्वस्त, बाजारात विकायच्या. म्हणजे ज्यांनी हा खेळ शतकानुशतकं जगवला त्यांच्या हातात साधी पानं होती. घामट, मळलेली, कडा झिजलेली. आज आपण जे वाचवलंय म्हणून टाळ्या वाजवतो ते बहुतेक दरबारी कलम आहे. बाजार कलम गेलं. आणि ते गेल्यावर खेळही गेला, कारण हजारो रुपयांच्या पानावर चहाचा डाग पडू द्यायची हिंमत कोणाची होणार?

मला वाटतं, आपल्या सगळ्या 'हस्तकलां'चं हेच होत चाललंय. सगळं दरबारी. लाकडी खेळणी आता पालकांच्या भिंतीच्या रंगाला शोभतात की नाही ते बघून घेतली जातात. मुलाने मागितली म्हणून नाही. पोरांना भडक आवडतं हे सावंतवाडीच्या चिताऱ्यांना ठाऊक होतं. ते वांगं उगीच इतकं जांभळं नाही.

मागच्या वर्षी त्याच प्रदर्शनात मी पुन्हा गेले आणि दालनातल्या मुलीला एक साधा प्रश्न विचारला. याला रंग कुठला वापरलाय? लहान मूल तोंडात घालणार, चालेल ना? ती गोंधळली. मग म्हणाली, "मॅडम, हे डेकोरेशनसाठी आहे." वर 'पारंपरिक खेळणी' असा बोर्ड होता.

सरकारचंही याहून वेगळं नाही. २०२०च्या आदेशानुसार १ जानेवारी २०२१पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची झाली. नोंदणीकृत हस्तकारागीर आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तू यांना त्यातून सूट मिळाली. सूट हवीच होती, घरात बसून चार खेळणी रंगवणाऱ्याला प्रयोगशाळेचा खर्च कुठून झेपणार? पण सूट देऊन विषय संपवला गेला. वेल्क्रोच्या गाजराचा कायदेशीर रंग तपासावा लागतो, कारण ते तोंडात जाणार हे सगळ्यांनी गृहीत धरलंय. वांग्याच्या बाबतीत ते कोणी गृहीतच धरत नाही. कारागिरांना पैसा न मागता रंग तपासून देणारी सोय तालुक्याला असती, तर ती शंभर प्रदर्शनांपेक्षा कामाची ठरली असती.

"मग काय, प्लॅस्टिकच घ्यायचं का?" हा प्रश्न मला मैत्रिणींनी रागाने विचारला आहे. नाही. मी म्हणते, प्लॅस्टिकशी त्याच्या मैदानात लढा. ते जिंकलं ते फक्त स्वस्त आहे म्हणून नाही. ते मोडलं तर कोणी ओरडत नाही म्हणून जिंकलं. मुलाला आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण मालकी मिळते ती त्या भिकार गाजराची.

"छापील गंजिफा म्हणजे कलेचा खून," असं दुसरे एक जण म्हणाले. मला तर छापील गंजिफा पानटपरीवर मिळायला हव्या आहेत. गंजिफांना ज्यांनी हरवलं ते बावन्न पत्ते छापीलच होते, स्वस्त होते, ट्रेनमध्ये चार सीटांच्या मध्ये टॉवेल पसरून खेळता येत होते. हजार पोरं छापील पानांवर खेळली तर त्यातली दहा पुढेमागे हाताने रंगवलेला संच मागतील, आणि मागताना कूर्माचा प्रधान नीट आलाय का हे तपासून घेतील. चिताऱ्याला असं गिऱ्हाईक हवं असतं. फ्रेमवाल्या बाईला मत्स्य आणि वराह यांतला फरक सांगितला नाही तरी चालतं.

माझा संच मी फ्रेममधून काढला आहे. तिघं जमायला दोन महिने लागले. पहिल्याच दिवशी पावणेसात वाजता भांडण: हा दिवस धरायचा की रात्र? रामाचा राजा माझ्याकडे होता, मी दिवस म्हणत होते. मित्राने खिडकीबाहेर बोट दाखवलं, रस्त्यावरचे दिवे लागले होते.

वांग्याचंही झालं. या मेमध्ये मी वहिनीशी रीतसर वाद घातला आणि कपाट उघडायला लावलं. भाची आता सात वर्षांची, तिला भातुकलीत फारसा रस उरलेला नाही. पण तिने मिरची बॅट म्हणून आणि टोमॅटो बॉल म्हणून वापरून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी वांग्याचं देठ तोडलं. वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका.

मी प्रदर्शनवाल्यांना फोन केला. एकच वांगं मिळेल का? नाही म्हणाले, पूर्ण संचच घ्यावा लागेल, टोपलीसकट. म्हणून चितारआळीत त्या काकांच्या दुकानात फोन लावला. त्यांनी आधी विचारलं, "फुटलां? कसां?" मी सांगितलं. पलीकडून हसण्याचा आवाज आला. वांगं सुटं मिळेल म्हणाले, भाव सांगितला. मी म्हटलं, दोन घेतले तर?