शेड न मोडता

पेनसिल्व्हेनियात आमच्या भागात वसंत लागला की घरं विकायला निघतात, आणि त्यांच्या परसातल्या लाकडी शेड कचऱ्यात जातात. फावडी, गवत कापायचं यंत्र, खताच्या गोण्या ठेवायची ती खोली नव्या मालकाला नको असते आणि जुन्याला नेणं जमत नाही. मग दोन माणसं करवती घेऊन येतात. अर्ध्या दिवसात चांगल्या लाकडाचा ढीग होतो. मला ते बघवत नाही.

म्हणून शेजारच्या बाईंनी घर विकायला काढलं तेव्हा त्यांच्या यजमानांनी हातानं बांधलेली शेड आम्ही मागून घेतली. पलीकडच्या गल्लीत काही कुटुंबं मिळून भाजीपाला पिकवतात, त्यांना अवजारं ठेवायला जागा नव्हती. आठ बाय बारा फुटांची शेड, वजन साधारण टनभर.

अशा शेडला जमिनीत पुरलेला पाया नसतोच. खाली लांबीच्या दिशेनं जाड लाकडी रनर, त्यांवर आडव्या तुळया, वर फळ्या. आणि सगळं खडीच्या थरावर नुसतं टेकवलेलं. लँकेस्टर परगण्यातले आमिश सुतार तर शेड कारखान्यातच पूर्ण बांधून गिऱ्हाइकाच्या परसात आणून ठेवतात. जी सबंध आली, ती सबंध जाऊही शकते. रनर बसवणाऱ्यानं पुढच्या माणसाचा विचार आधीच केलेला असतो, आणि करवत आणणारा तो एका दुपारी पुसून टाकतो.

ती उचलायला फोर्कलिफ्ट भाड्यानं मिळते, पण यंत्राच्या पाटीवरचा आकडा वाचून फसायला होतं. पाच हजार पौंड, म्हणजे सव्वादोन टन, हे वजन भाराचा मध्य फोर्कच्या, म्हणजे पुढच्या लोखंडी दात्यांच्या, मुळापासून २४ इंचांवर असेल तेव्हाचं. आठ फूट रुंद शेडचा मध्य येतो ४८ इंचांवर. तिथं यंत्राची ताकद खूप घटते, आणि किती ते यंत्राच्या उत्पादकाकडूनच जाणून घ्यायचं. मागे जास्त भरलेली बैलगाडी जशी उलाळते, तशीच फोर्कलिफ्ट पुढच्या चाकांवर तोल जाऊन मागून उठते. शेड रुंदीच्या दिशेनं, म्हणजे लांब बाजूकडून उचलायची ती याचसाठी. आखूड बाजूनं, बारा फुटांत शिरलात तर मध्य आणखी दूर जातो. फोर्क आखूड पडतात म्हणून वर लोखंडी बाह्या चढवतात. त्या मूळ फोर्कच्या दीडपटीहून लांब चालत नाहीत, असा इथला नियम आहे. बाह्यांचं वजनही भारातच धरायचं.

दुसरी अडचण हिरवळीची. गोदामातल्या गुळगुळीत फरशीवर पळणारी, भरीव टायरांची फोर्कलिफ्ट ओल्या मातीत रुतते. आम्ही मोठ्या टायरांचं, शेताबांधावर चालणारं यंत्र घेतलं, तरीही चाकांखाली जाड प्लायवूडच्या पाट्या अंथरल्या. गाडी पुढं सरकली की मागची पाटी उचलून पुढं टाकायची. कामाचा निम्मा वेळ यातच गेला, आणि तो जायलाच हवा होता.

त्याआधी शेड पूर्ण रिकामी केली, दारं स्क्रूनं बंद केली. जॅक आणि पहारीनं एकेक कोपरा उचलून रनरखाली ठोकळे दिले, कारण फोर्क रनरच्या खालून जातात. शेड पट्ट्यांनी फोर्कच्या चौकटीला आवळली. मग ती जमिनीपासून वीतभरच उचलली. उंच उचललेला भार झुलतो. पुढचं काही दिसत नसल्यामुळे चालकानं गाडी उलटी चालवली, आणि दोन माणसांनी बाजूंनी हातानं खुणा केल्या. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, त्यामुळे तिची पाठ झटकन बाहेर फिरते. कुंपणं त्यातच जातात. वरच्या विजेच्या तारांकडे बघायला एक माणूस वेगळा नेमला होता. भाराखाली किंवा शेडच्या आत कुणीही नाही, ही अट मी कुणासाठीही सैल करणार नाही.

गल्ली ओलांडायला शेड सपाट ट्रेलरवर चढवली. ठरावीक मर्यादेपर्यंतच्या रुंदीला रस्त्यावर खास परवाना लागत नाही; छपराची वळचण धरूनही आमची त्यात बसली.

नव्या जागी खडी पसरून, लेव्हल लावून ठेवली होती. शेड आधी ठोकळ्यांवर उतरवली, फोर्क बाहेर काढले, मग जॅकनं एकेक बाजू खाली घेतली. दाराचे स्क्रू काढले. दार कुठंही न घासता उघडलं, म्हणजे चौकट पिळली नव्हती. बाईंनी स्वतः आत जाऊन यजमानांच्या अवजारांचे खिळे तपासले आणि कुठल्या खिळ्याला कोणतं अवजार अडकवायचं ते भाजीवाल्या मंडळींना सांगितलं.

याच रस्त्यावर आणखी एका घरासमोर विक्रीची पाटी लागली आहे. त्यांची शेड दहा फूट रुंद आहे, तिला परवाना लागेल. घराचा व्यवहार पुरा व्हायच्या आत अर्ज करायला हवा, म्हणून त्यांना मी आजच विचारलं आहे.