गावठी अंडी, विलायती कुत्रा

शहापूर-मुरबाडकडे फार्महाऊस घेतलेल्या मुंबई-ठाणेकरांचं एक मला कधीच कळलेलं नाही. वाटेत गाडी थांबवून अंडी घेणार ती गावठी. कोंबडी गावठी. तांदूळसुद्धा हातसडीचा मिळतो का, म्हणून चार ठिकाणी विचारणार. आणि बंगल्यावर कुत्रा मात्र हस्की!

अहो, त्याचा तो दाट दुहेरी कोट सायबेरियातल्या थंडीसाठी आहे. इथे उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंग गार करतो. बसक्या नाकाच्या पगला तर तेही धड जमत नाही. पुढे चार महिने पाऊस, ओल, गोचीड. मालक शनिवार-रविवारपुरते. बाकीचे पाच दिवस त्याचं सगळं वॉचमनची बायको करते.

"पण जातिवंत आहे हो!" हे ऐकलं की डोकंच फिरतं. माणसांत जात विचारायची सोय राहिली नाही, म्हणून ती हौस कुत्र्यावर भागवायची? बरं, कागद तरी बघता का? २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणी क्रमांक विचारणारा माणूस मला तरी अजून भेटायचाय.

"रस्त्यावरचा उचलला तर स्वभाव कसा निघेल?" प्रश्न रास्त आहे. मार खाल्लेला कुत्रा माणसाळायला महिने लागतात. पण मोठा झालेला गावठी कुत्रा निदान समोर दिसतो तरी: केवढा आहे, मुलांशी कसा वागतो, फटाक्यांना घाबरतो का. पिल्लाच्या पावतीवर यातलं काही लिहिलेलं नसतं.

मात्र गावठी म्हणजे फुकटचा राखणदार, असंही कोणी समजू नये. रेबीजची लस हवी, नसबंदी हवी आणि रात्री घरात जागा हवी. माळशेजच्या पलीकडे अकोल्यात बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास झाला होता, २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात वजनाच्या हिशेबात सर्वांत मोठा वाटा निघाला कुत्र्यांचा! आपला तानसा-माळशेजचा पट्टाही बिबट्याचाच. अंगणात साखळीला बांधून मुंबईला निघून जाणं म्हणजे त्याला ताट वाढून ठेवणं.

तेव्हा रोज सोबत राहणार असाल, तर गावातलाच घ्या. नसाल, तर दोन्ही नको. शनिवारी आलात की गावची कुत्री दाराशी येतातच. त्यांना भाकरी घाला, आणि त्यांच्या लसीचे पैसे द्या.

पटत नसेल तर खुशाल भांडा. हस्कीवाल्या नातेवाइकांनीही.