एकतर्फी अध्यापन

प्रतिवादीच्या गैरहजेरीत झालेल्या हुकूमनाम्यास न्यायालयात एकतर्फी म्हणतात, आणि सबळ कारण दाखविल्यास तो रद्द करून घेण्याची वाट कायद्याने मोकळी ठेवली आहे. विद्यार्थ्याचे काहीएक न ऐकता दिलेल्या शिक्षणाविरुद्ध मात्र दाद कोठे मागावयाची?

केंद्र सरकारने ९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयम्’ ही ऑनलाइन शिक्षणाची योजना सुरू केली. तिच्या आराखड्यात चार अंगे आहेत: व्याख्यानाची चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वयंचाचण्या आणि शंकासमाधानार्थ चर्चा. आराखडा उत्तम आहे. परंतु आपल्याकडील पुष्कळ ऑनलाइन पाठ पहिल्या अंगापाशीच थांबतात. वर्गातले तासाभराचे व्याख्यान जसेच्या तसे चित्रित केले, की शिक्षण झाले असे मानण्यात येते.

ह्यावर उत्तर तयार असते: ‘चित्रफीत हवी तेथे थांबवावी, हवी तितक्यांदा पाहावी, विद्यार्थ्यास आणखी काय पाहिजे?’ पण जे वाक्य पहिल्यांदा कळले नाही, ते दहाव्यांदा ऐकून कळेलच असे नाही. श्रोते पेंगुळले की आपल्या देवळातला कीर्तनकार आख्यान आवरून एखादा दृष्टान्त काढतो. चित्रफितीला डोळे नाहीत. म्हणून जे तिला दिसणार नाही, ते पाठाची आखणी करणाराने आधीच पाहिले पाहिजे.

विद्यार्थ्यास शेवटी काय करता आले पाहिजे, हे प्रथम ठरवावे. मग त्याची कसोटी. व्याख्यान सर्वांत शेवटी. अर्धा आणि एकतृतीयांश ह्यांची बेरीज कोणी दोनपंचमांश सांगितली, तर त्याने अंशात अंश व छेदात छेद मिळविला, हे उघड आहे. त्याला नुसते ‘चूक’ म्हणून काय लाभ? अर्ध्यात भर घालूनही बेरीज अर्ध्याहून कमी कशी, असे त्यास विचारावे. अशा नेहमीच्या चुका हेरून प्रत्येकीचे उत्तर पाठातच योजून ठेवणे, हीच विद्यार्थिकेंद्री आखणी होय.

हा केवळ शिक्षणशास्त्राचा काथ्याकूट नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून पुरे करण्यास मुभा दिली आहे. केरळ उच्च न्यायालयाने तर २०१९ सालीच इंटरनेटचा वापर शिक्षणाच्या हक्कात अंतर्भूत मानला. हक्क दिला आणि हाती पडले ते रेकॉर्ड केलेले एकतर्फी भाषण, तर ती फसवणूकच होय.

तेव्हा वाचकहो, आपल्या मुलांच्या महाविद्यालयास ‘किती व्याख्याने चित्रित केलीत?’ हे विचारू नका. ‘विद्यार्थ्यांच्या किती चुकांना उत्तर दिलेत?’ एवढेच विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका.