बाटलींतील रोपें आणि डोंगरांतील गोत्रें

गेल्या दिवाळींत आमच्या थोरल्या बंधूंची नात लातूरहून अंबाजोगाईस घरीं आली. ती तेथें कृषि-जैवतंत्रज्ञान शिकते. तिच्या पिशवींतून एक रुंद तोंडाची काचेची बाटली निघाली. तळाशीं बोटभर जाडीचा पारदर्शक थर, आणि त्यांत उभीं असलेलीं केळीचीं सात-आठ चिमुकलीं रोपें. सारें घर भोंवतीं जमलें. आमच्या वहिनींनीं चष्मा सांवरून बाटली उजेडाकडे धरली व विचारलें, "अगं, ह्यांना माती कोठें आहे?"

"आजी, ह्यांना अजून माती लागत नाहीं. हीं सारीं एकाच कोंबाचीं लेकरें आहेत."

वहिनी क्षणभर थांबून म्हणाल्या, "मग हीं भावंडें कशीं? हें तर एकच झाड झालें!"

वहिनी शाळेंत चार इयत्तांपलीकडे गेल्या नाहींत. पण त्यांच्या ह्या एका वाक्यांत वनौषधींच्या रक्षणाचा मोठा प्रश्न सांठविलेला आहे. ह्या महिन्याचें टिपण त्यावरच लिहितों.

ज्या विद्येनें हीं रोपें झालीं तिला ऊतिसंवर्धन म्हणतात. झाडाच्या प्रत्येक जिवंत पेशींत समग्र झाड उभें करण्याचें सामर्थ्य असावें, ही कल्पना हाबरलांट नांवाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानें १९०२ सालीं मांडली. त्याचे स्वतःचे प्रयोग सफल झाले नाहींत. पुढें १९५८ सालीं अमेरिकेंत स्टुअर्ड यांनीं गाजराच्या मुळांतील पेशींपासून संपूर्ण रोप वाढवून ती कल्पना खरी करून दाखविली. आपल्या महाराष्ट्रांत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनें ह्या विद्येंत नांव मिळविलें. तेथील संशोधकांनीं १९८० सालीं शंभर वर्षें वयाच्या सागवानापासून रोपें तयार केल्याचें प्रसिद्ध केलें, आणि दशकांनीं एकदां फुलणाऱ्या बांबूला १९९० सालीं बाटलींतच फुलें आणून दाखविलीं.

कृति ऐकावयास सोपी आहे. निरोगी झाडाचा कोंब किंवा पेराचा तुकडा घेऊन तो जंतुनाशक पाण्यानें धुतात. स्वयंपाकघरांत ज्याला चायना ग्रास म्हणतात, त्याच पदार्थाची खीर करून तींत साखर, क्षार आणि वनस्पतींचे वाढ-रस मिसळतात. ह्या रसांपैकीं एक वाढविला कीं कोंब फुटतात, दुसरा वाढविला कीं मुळें धरतात. चार-पांच आठवड्यांनीं कोंबांचा झुबका वेगळा करून पुन्हां नव्या बाटल्यांत लावितात. सोवळें मात्र कडक. लोणच्याच्या बरणीला ओला हात लागला तर बुरशी येते, हें प्रत्येक गृहिणी जाणते. येथें तर हवेंतला एक कण पुरतो. आणि बाटलींतलें रोप एकदम उन्हांत ठेविलें तर माना टाकतें; त्याला दमट सावलींत हळूहळू बाहेरच्या हवेची संवय लावावी लागते.

हें सर्व नात समजावून देत असतां माझें मन मात्र एका जुन्या अपराधाकडे गेलें होतें.

मी शिक्षक असतांना एका पावसाळ्यांत शाळेंत वनौषधींचें प्रदर्शन भरविलें. मुलांना सांगितलें कीं, बालाघाटाच्या डोंगरांत जें सांपडेल तें मुळासकट आणा. शेजारच्या परळीस वैजनाथाच्या लिंगांत देवांनीं धन्वंतरीसह अमृत लपवून ठेविलें, अशी कथा सांगतात. तेव्हां ह्या डोंगरांतील औषधींना अंत नाहीं, अशीच आमची समजूत. मुलांनीं कळलावीचे कंद टोपलीभर आणले. संस्कृतांत हिला लांगली म्हणतात, कारण कंदाचा आकार नांगरासारखा असतो. ज्वालेसारख्या फुलावरून अग्निशिखा हेंही नांव आहे. मीं फळ्यावर नांवांची व्युत्पत्ति मोठ्या हौसेनें लिहिली. प्रदर्शन संपल्यावर उरलेले कंद परसांत लाविले, दोन पावसाळे वाट पाहिली. एकही उगवला नाहीं.

कारण पुष्कळ वर्षांनीं कळलें. ह्या कंदाच्या प्रत्येक फांट्याच्या टोंकाला एकच डोळा असतो. तो मोडला कीं कंद गेलाच. आमच्या टोपलींत सारे डोळे मोडले होते. बियांनीं वेल होतो, परंतु बी उगवावयास नाठाळ, आणि फूल धरावयास तीन-चार वर्षें लागतात. जगाच्या हिशेबांत कळलावी अजून नष्टप्राय नाहीं. पण ज्या कुंपणांवर ती श्रावणांत पेटलेली दिसे, तीं कुंपणें आज मला रिकामीं दिसतात. (ही वेल सर्वांगानें, विशेषतः कंदानें, प्राणघातक विषारी आहे. घरगुती औषधासाठीं तिला हात लावूं नये.)

इतर कांहींची अवस्था याहून कठीण आहे. १९४९ सालीं मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकांत मांडला आणि पुढें जगभर तिची मागणी वाढली. औषध मुळींत, मुळी खणली कीं झाड संपलें. आज तिच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आहेत. सह्याद्रींतील नरक्या नांवाच्या दुर्गंधी झाडांत कर्करोगावरील औषधांचें मूलद्रव्य आहे, हें १९७२ मध्यें कळलें आणि त्याच्यावर कुऱ्हाड पडली. अशा वनस्पतींना ऊतिसंवर्धन हें खरोखर वरदान आहे. एका कोंबापासून हजारों रोपें होतात, आणि डोंगरांतल्या वनस्पतीचा जीव घ्यावा लागत नाहीं.

पण येथेंच वहिनींचें वाक्य आठवावें. आपल्या घरांत सोयरीक ठरवितांना प्रथम गोत्र पाहतात. रक्ताचें नातें दूरचें असावें, हा त्यांतला हेतु उघड आहे. कळलावीही हा नियम पाळते. तिच्या फुलांतील स्त्रीकेसराची दांडी बुडाशींच काटकोनांत बाजूला वळलेली असते, म्हणजे स्वतःचा पराग सहसा स्वतःवर पडत नाहीं. फुलपाखरूं तो दुसऱ्या वेलीवरून आणतें. बाटलींतील हजार रोपें सगोत्रही नव्हेत. तें एकच झाड हजार ठिकाणीं उभें असतें. त्याला जो रोग होईल तो हजारांना होईल. मध्य अमेरिकेंत ग्रो मिशेल जातीच्या केळीच्या अफाट बागा होत्या. मुनव्यांवर वाढविलेली ती सारी एकच केळ. मातींतून पनामा रोग आला आणि १९६० च्या सुमारास ती जात जगाच्या व्यापारांतून उठली.

म्हणून बाटली कोणत्या कामीं लावावयाची, हें ठरविलें पाहिजे. शेतासाठीं ती उत्तम. तामिळनाडूंत शेतकरी कळलावीची लागवड करून बी विकतात. त्यांतून संधिवातावरील औषध निघतें. आमच्या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबें दर हंगामास ऊसतोडीसाठीं घर सोडतात. ज्याची चूल अशी फिरती, त्याला डोंगरांत कंद खणूं नको असा उपदेश करणें सोपें आहे. त्याच्या बांधावर निरोगी रोपें पोंचविणें हें खरें काम. डोंगरासाठीं मात्र एका मातेचीं रोपें पुरणार नाहींत. धारूर, परळी, पाटोदा अशा निरनिराळ्या ठिकाणच्या अनेक वेलींपासून कोंब घ्यावे, कोणतें रोप कोणत्या वेलीचें याची नोंद ठेवावी, आणि त्याबरोबर बीही राखावें. हजार रोपांपेक्षां शंभर माता अधिक मोलाच्या.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशीं नात आणि मी मुकुंदराजांच्या समाधीपलीकडील उतारावर गेलों. दोन प्रहर हिंडल्यावर कळलावीच्या दोन वेली सांपडल्या, एकमेकींपासून पुष्कळ दूर. शेंगा तडकूं लागल्या होत्या, आंत तांबड्या बिया. प्रत्येक वेलीच्या थोड्या बिया घेतल्या, बाकीच्या तेथेंच राहूं दिल्या. घरीं आल्यावर मीं त्या दोन पुड्यांत बांधून, वर जागा व तारीख लिहून, मुलांचा हात पोंचणार नाहीं अशा फडताळांत ठेविल्या.

वहिनींनीं विचारलें, "कंद नाहीं आणलात?"

मीं सांगितलें, "ह्या वेळीं कुदळ नेलीच नव्हती."